संगारेड्डीचा जुना तुरुंग आणि मी न सांगितलेले नऊ दिवस

सोलापूरहून हैदराबादला निघालं की उमरगा, हुमनाबाद, जहीराबाद मागे पडतं आणि मग संगारेड्डी येतं. तिथून हैदराबाद साठेक किलोमीटर. १७ जानेवारीला रोहित वेमुलाच्या स्मृतिदिनासाठी आम्ही काही कार्यकर्ते जमेल तसे या रस्त्याने जातो. इतक्या वेळा गेलो, पण संगारेड्डीत चहापलीकडे कधी थांबलो नव्हतो. यंदा थांबलो ते भाच्यामुळे. भाचा एकोणीस वर्षांचा, कायद्याच्या पहिल्या वर्षाला. मोबाईलवर शोधून त्याने जाहीर केलं, "मामा, इथं जुन्या जेलचं म्युझियम आहे. एक तास थांबू."

जीपमधल्या दोघा-तिघांनी कुरकूर केली. मीही केली. तुरुंग काय पाहायचा, असं म्हणालो. खरं कारण वेगळं होतं, ते पुढे सांगतो.

संगारेड्डीचा हा तुरुंग निजामी राज्यातला, १७९६ सालचा म्हणून सांगितला जातो. मेदक जिल्ह्याचं कारागृह म्हणून तो अगदी अलीकडेपर्यंत चालू होता. कैदी जवळच्या कंदी इथल्या नव्या तुरुंगात हलवले गेले आणि २०१६ मध्ये या जुन्या इमारतीचं संग्रहालय झालं. त्याच वेळी तेलंगणाच्या कारागृह विभागाने एक योजना जाहीर केली आणि तिची देशभर बातमी झाली: 'फील द जेल'. पाचशे रुपये भरा आणि चोवीस तास कैदी म्हणून राहा. खादीचा कैद्याचा पोशाख, थाळी, पेला, मग, साबण, तुरुंगाच्या नियमाप्रमाणे जेवण. रोहित गेला ते हेच वर्ष. त्याच वर्षी मार्चमध्ये हैदराबाद विद्यापीठाचे पंचवीसेक विद्यार्थी आणि दोन शिक्षक आंदोलनातून उचलून चेरलापल्लीच्या तुरुंगात टाकले होते. त्यांना पाचशे रुपये भरावे लागले नाहीत.

संग्रहालय छोटंच आहे. तासाभरात सगळं पाहून होतं. जाड भिंती, डोकं वाकवून शिरावं लागतं असे दरवाजे, उंचावर झरोके, जुन्या काळच्या बेड्या. शाळेची मुलं गजांना धरून फोटो काढत होती. त्यात वाईट काही नाही. ज्या मुलांच्या घरातलं कोणी आत गेलेलं नसतं त्यांना तुरुंग म्हणजे सिनेमातली जागा वाटते, आणि ज्यांच्या घरातलं गेलेलं असतं त्यांना गजांमागे उभं राहून हसता येतं, हेही काही कमी नाही.

माझे डोळे मात्र एका ठरावीक गोष्टीकडे जात होते. बराकीत शिरलो की मी कोपरा पाहायचो. दुसऱ्या बराकीत शिरलो, पुन्हा कोपरा. तिथला पहारेकरी पोरांना माहिती सांगत होता, त्याने ते हेरलं. दख्खनीत म्हणाला, "उदर कुच नै है साब, इदर देखो."

मी संडास शोधत होतो.

भाच्याला तेवढ्यात योजनेची जुनी बातमी सापडली होती. तो मोठ्याने वाचून दाखवायला लागला. पैसे देऊन राहणाऱ्या पाहुण्याला कसलंही काम दिलं जाणार नाही, फक्त आपली बराक आपण झाडून स्वच्छ ठेवायची. त्याला गंमत वाटली. "पाचशे रुपये देऊन झाडू मारायचा!" म्हणाला, आणि मग सहज, मागे वळून न पाहता विचारलं, "मामा, तुला काय काम होतं रे आत असताना?"

मी म्हणालो, "काही नाही. कच्च्या कैद्याला काम नसतं."

कायद्याने ते खरंच आहे. खटला चालू असलेल्या न्यायबंद्याला मजुरीची शिक्षा झालेली नसते. मी वकिलासारखं उत्तर दिलं आणि बाहेर येऊन झाडाखाली बसलो.

माझे कार्यकर्ते मित्र हे वाचतील, म्हणून सरळ लिहितो. १ जानेवारी २०१८ ला भीमा कोरेगावला आपल्या लोकांवर हल्ला झाला. ३ तारखेला महाराष्ट्र बंद झाला. बंदनंतर वस्त्यावस्त्यांत पोलिसांनी कोंबिंग केलं, पोरं उचलली. त्यात मीही होतो. नऊ दिवस आत काढले. कुठल्या तुरुंगात ते लिहीत नाही. लिहिलं तर तो एका तुरुंगाचा, एका अधिकाऱ्याचा दोष ठरेल आणि बाकीचे सुटतील.

या नऊ दिवसांवर मी आजवर किती भाषणं केली असतील याचा हिशेब नाही. त्यात काय असतं ते तुम्हाला माहीत आहे. रात्री बराकीत भीमगीतं म्हटली. संविधानाची उद्देशिका पाठ म्हणून दाखवली. चोरीच्या गुन्ह्यात आत आलेल्या दोन पोरांना बाबासाहेब कोण ते सांगितलं. यातलं एक अक्षरही खोटं नाही. पण भाषणात जे कधी आलं नाही ते असं.

आत गेल्यावर नोंद करायला कैद्यांतलाच एक 'रायटर' बसलेला होता. समोर रजिस्टर. नाव, बापाचं नाव, गाव, कलम. मग जात. मी म्हणालो, "बौद्ध." तो म्हणाला, "बौद्ध म्हणजे?" मी म्हणालो, "बौद्ध म्हणजे बौद्ध." तो म्हणाला, "आधीचं सांग." मी गप्प राहिलो. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि स्वतःच काय ते लिहिलं. काय लिहिलं ते मला दिसलं नाही. दिसायची गरजही पडली नाही, कारण दुसऱ्या दिवशी सकाळची गिनती झाली आणि मला खराटा, बादली आणि फिनेलची बाटली मिळाली. बराकीच्या टोकाला दोन संडास होते, अर्ध्या भिंतीचे. बराकीत साठावर माणसं.

आमच्या केसमध्ये आम्ही सहा जण होतो. आमच्या वस्तीतले चौघे आणि दोघे बाहेरचे. त्यातला एक मराठा समाजाचा, माझा शाळेपासूनचा मित्र. बंदच्या दिवशी माझ्यासोबत चौकात होता एवढाच त्याचा गुन्हा. बराकीत आम्ही शेजारी झोपायचो. कलमं तीच, तारीख तीच, चादर एकाच ढिगातली. खराटा आम्हा चौघांना आळीपाळीने मिळायचा. त्याला नाही. तिसऱ्या दिवशी त्यालाच राहवलं नाही आणि त्याने माझ्या हातातली बादली घेतली. रायटरने धावत येऊन ती त्याच्याकडून काढून घेतली. ओरडला नाही, समजुतीच्या सुरात बोलला, "तू कशाला? तुझं काम नाही ते."

मित्र बाजूला झाला. मी बादली घेतली. त्यानंतर त्याने पुन्हा विचारलं नाही, मीही काही बोललो नाही. बाहेर चौकात पोलिसांशी हुज्जत घालणारा मी, आत सहा दिवस मुकाट्याने संडास धुतले. एकदाही "का" असं विचारलं नाही. भीती होती, जामिनाची काळजी होती, नव्या माणसाला मार बसतो हे ऐकलेलं होतं. ही सगळी कारणं खरी आहेत. पण खरं कारण असं, की तो प्रश्न मोठ्याने विचारला असता तर साठ माणसांसमोर मला माझ्याच तोंडाने सांगावं लागलं असतं की मला हे काम का दिलं आहे.

माझ्या आजोबांनी धर्मांतरानंतर गावातली मेलेली ढोरं ओढायचं बंद केलं. त्यापायी गावाने वाळीत टाकलं, किराणा बंद केला, विहीर बंद केली. वडील गिरणीत लागले. मी पदवीधर झालो. तीन पिढ्यांनी जे काम सोडलं ते सरकारी रजिस्टरमधल्या एका रकान्याने माझ्या हातात एका रात्रीत आणून दिलं. सुटल्यावर आईने विचारलं, आत मारलं का? मी म्हणालो, नाही. पुढे विचारलं असतं तरी मी सांगितलं नसतं.

मला पुष्कळ दिवस वाटायचं की हा त्या रायटरचा खोडसाळपणा. गावातली सवय त्याने आत आणली असेल. हा समज चुकीचा होता, आणि तो किती चुकीचा होता हे मला एका पत्रकार बाईंमुळे कळलं. सुकन्या शांता यांनी डिसेंबर २०२० मध्ये 'द वायर'वर तुरुंगांतल्या जातवार कामवाटपावर सविस्तर वृत्तलेख लिहिला. त्यात नुसत्या कैद्यांच्या कहाण्या नव्हत्या, राज्याराज्यांच्या कारागृह नियमावल्यांतले छापील नियम होते. म्हणजे जे माझ्यासोबत इशाऱ्याने झालं ते कुठेकुठे पुस्तकात लिहिलेलं होतं. त्या लेखानंतर राजस्थान उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि त्या राज्याने २०२१ मध्ये नियम बदलले. इतर राज्यं ढिम्म राहिली. मग त्या स्वतः सर्वोच्च न्यायालयात गेल्या. ३ ऑक्टोबर २०२४ ला निकाल आला. सरन्यायाधीश चंद्रचूड, न्यायमूर्ती पारडीवाला आणि न्यायमूर्ती मिश्रा यांच्या खंडपीठाने हे नियम घटनाबाह्य ठरवले.

नियम काय होते ते आपल्या प्रत्येक तरुणाने वाचले पाहिजेत. उत्तर प्रदेशची नियमावली २०२२ ची. ती सांगते की साधी कैद झालेल्या माणसाला हलक्या, घाणीच्या कामाला लावू नये. अपवाद एकच, तो अशा कामाची सवय असलेल्या समाजाचा असेल तर. हे मनुस्मृतीतून घेतलेलं नाही, २०२२ च्या सरकारी नियमातलं आहे. पश्चिम बंगालच्या नियमावलीत सफाईसाठी मेथर किंवा हाडी जातीचे कैदी निवडावेत असं होतं, चांडाल वगैरे जातींचेही चालतील असं जोडलेलं होतं आणि जेवण 'योग्य' जातीच्या कैद्याने रांधून न्यावं असंही होतं. 'सवय असलेला समाज' हे शब्द मी पहिल्यांदा वाचले तेव्हा मला तो समजुतीचा सूर ऐकू आला. तुझं काम नाही ते.

न्यायालयाने समतेची कलमं १४ आणि १५, अस्पृश्यता नष्ट करणारं १७, जगण्याच्या हक्काचं २१ आणि वेठबिगारीला मनाई करणारं २३ अशी सगळी लावली. मला यातलं २३ महत्त्वाचं वाटतं. आपण १७ ची चर्चा खूप करतो. पण जातीवरून एखाद्याला फुकट कामाला जुंपणं ही वेठ आहे, असं म्हटलं की ती मनातल्या भावनेची गोष्ट उरत नाही. तो कामाचा आणि मोबदल्याचा प्रश्न होतो. महारकी वतनाविरुद्ध बाबासाहेब लढले तेही हेच सांगत होते. वतनाच्या नावाखाली गाव जे राबवून घेत होतं ते तुरुंगाने नियमाच्या नावाखाली राबवून घेतलं.

आता कोणी म्हणेल, ही इंग्रजांची देणगी. जुनी नियमावली इंग्रजी काळातली, १८९४ चा कारागृह कायदाही त्यांचाच. आपल्याकडे काही मंडळींना जातीचं सगळं खापर इंग्रजांवर फोडायला फार आवडतं. त्यांना बिहारच्या तुरुंगांचा इतिहास वाचायला दिला पाहिजे. सुरुवातीला तुरुंगात कैद्याला भत्ता मिळायचा आणि तो आपलं आपण शिजवून खायचा. १८३८ च्या तुरुंग समितीनंतर सरकारने सामाईक स्वयंपाकघर आणायचं ठरवलं. एका चुलीवरचं, एका हाताचं जेवण म्हटल्यावर १८४० च्या दशकात बिहारच्या तुरुंगांत दंगे झाले आणि गावातले लोकही कैद्यांच्या बाजूने उतरले. १८५५ मध्ये आरा आणि मुझफ्फरपूरला पितळी लोटे काढून मातीची भांडी दिली, तेव्हा पुन्हा उठाव. पितळेचा लोटा घासून शुद्ध करता येतो, मातीचं भांडं एकदा बाटलं की बाटलं. सरकार घाबरलं आणि माघार घेतली. पुढे स्वयंपाकी वरच्या जातीचा, सफाई खालच्या जातीची, हे तुरुंगाच्या शिस्तीचा भाग होऊन बसलं.

इतिहासकार या लोटा-उठावाला वसाहतवादाविरुद्धचा प्रतिकार म्हणून मोजतात. तो प्रतिकार होताच, सरकारला झुकवणारा होता. पण मला एवढंच विचारायचं आहे की त्या दिवशी, लोट्यासाठी जीव द्यायला निघालेल्या त्या कैद्यांच्या मागे संडास कोण साफ करत होतं? तो कैदी कोणाच्या बाजूने होता? त्याच्या हाताचं पाणी कोणी पिणार नव्हतं, ना उठावाआधी, ना उठावानंतर. इंग्रजाने जात तुरुंगात आणली नाही. ती आत येताना त्याने दरवाजा धरला आणि नंतर तिला नंबर टाकून पुस्तकात छापली. स्वातंत्र्यानंतर आपल्या सरकारांनी पुस्तकाचं मुखपृष्ठ बदललं.

आणि काही माणसांसाठी तर तुरुंगाला भिंतीही लागल्या नाहीत. मी सोलापूरचा. आमच्या शहरात 'सेटलमेंट' हे वस्तीचं नाव आहे. नव्या पोरांना ते नगरपालिकेने दिलेलं नाव वाटतं. गुन्हेगार जमाती कायदा १८७१ चा; त्याखाली पारधी, कैकाडी, भामटे अशा जमातींची माणसं बायकापोरांसकट तारेच्या कुंपणात ठेवली गेली, हजेरीला बांधली गेली. गुन्हा केला म्हणून नव्हे, त्या जमातीत जन्मली म्हणून. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला. पण तुरुंगाच्या नियमावल्यांत 'भटकी', 'गुन्हेगारी प्रवृत्तीची' असली विशेषणं चालूच राहिली. मध्य प्रदेशच्या नियमात विमुक्त जमातीच्या माणसाला सराईत गुन्हेगार धरण्याची मुभा होती. २०२४ च्या निकालाने त्यावरही बोट ठेवलं. १९२८ साली मुंबई सरकारने अस्पृश्य आणि आदिवासींच्या स्थितीची पाहणी करायला जी समिती नेमली तिचे अध्यक्ष होते स्टार्ट, म्हणजे या सेटलमेंटचा कारभार पाहणारे अधिकारी, आणि त्या समितीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर सदस्य होते. सरकारच्या लेखी अस्पृश्य आणि 'गुन्हेगार' एकाच टेबलावरचा विषय होता हे यातून दिसतं. आज तरी आपण विमुक्तांना आपल्या टेबलावर किती घेतो, हा प्रश्न स्वतःला विचारून पाहा. माझ्या शहरात भीमजयंतीची मिरवणूक सेटलमेंटवरून कधी नेली का, यावर आमच्या मंडळात एकदा चर्चा निघाली होती. ती चर्चा चहा येताच संपली.

निकालात आणखी एक आदेश आहे. तुरुंगाच्या रजिस्टरमधला जातीचा रकाना काढून टाका. यावर जीपमध्ये आमचा वाद झाला, कारण इथवरचं सगळं मी पुढच्या प्रवासात सांगून टाकलं होतं. (त्याबद्दल थोडं पुढे.) आमचे एक ज्येष्ठ मित्र म्हणाले, "रकाना काढला तर आपली माणसं किती आत आहेत हे कळणार कसं?" त्यांचा मुद्दा हलका नाही. २०२२ अखेर देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती, त्यातली ४,३४,३०२ न्यायबंदी, म्हणजे गुन्हा सिद्ध न झालेली. या न्यायबंद्यांत अनुसूचित जातींचा वाटा साधारण एक-पंचमांश, लोकसंख्येतल्या वाट्यापेक्षा जास्त. हे आपण सांगू शकतो ते मोजणी झाली म्हणून. जनगणनेत जात मोजा म्हणणारे आपण, तुरुंगात मोजू नका कसं म्हणायचं?

माझं मत असं की मोजणारी जात आणि कामाला लावणारी जात एकाच वहीत असता कामा नये. आकडेवारीसाठीची नोंद वेगळी घ्या, तिच्यावर नाव नको, ती खराटा वाटणाऱ्याच्या हाती नको. फाटकावरच्या ज्या वहीवरून बराक ठरते, काम ठरतं, ताट ठरतं, तिथून जात गेलीच पाहिजे. ज्येष्ठ मित्राला हे पटलं नाही. ते म्हणाले, रकाना गेला तरी आडनाव आहे, गाव आहे, कपाळ आहे. तेही खरं. माझ्या रायटरला मी जात सांगितली कुठे होती?

हे सगळं मी जीपमध्ये सांगितलं ते असं घडलं. संगारेड्डी सोडल्यावर दहा मिनिटं कोणी बोललं नाही. भाचा मागे बसून मोबाईलवर त्या बातमीचा फोटो पाहत होता, हसऱ्या पाहुण्याच्या हातात थाळी वगैरे. मला त्या बातमीतली ओळ सोडत नव्हती. आपली बराक आपण झाडायची. म्हणजे कारागृह विभागाला योग्य नियम सुचत नव्हता असं नाही. ज्याने घाण केली त्याने ती काढावी, जातीचा प्रश्न येत नाही, इतका साधा, सुंदर नियम. पाचशे रुपये भरणाऱ्या पाहुण्याला तो लागू झाला. मी भाच्याला म्हणालो, "मघाशी खोटं बोललो." आणि मग बोलत गेलो. त्यात माझ्या आजीचीही गोष्ट आली.

आजी १९६४ च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहात तुरुंगात गेली होती. ६ डिसेंबरला, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणदिनी, दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली तो सत्याग्रह सुरू झाला आणि देशभरात लाखो माणसं जेलमध्ये गेली. बायका कडेवर पोरं घेऊन गेल्या. आजी सांगायची, "आम्ही इतक्या बाया झालो की जेलवाल्याला मोजता येईना. भाकरी आमच्या आम्हीच थापल्या. झाडलंही आम्हीच, पण आम्हाला सांगायला कोण होतं?" हे ती हसून सांगायची. मी लहानपणी ते गमतीने ऐकलं. आता कळतं, तिने आणि मी झाडलेल्या फरशीत फरक होता. लाख माणसं आत गेली तेव्हा तुरुंगाला त्यांना जातवार वेगळं काढता आलं नाही. आम्ही सहाच गेलो, आणि सहांतले चार पहिल्या सकाळीच वेगळे निघाले.

त्या सत्याग्रहाची आठवण सांगणारी पाटी मी कुठल्या तुरुंगाच्या भिंतीवर अजून पाहिलेली नाही. येरवड्यात २६ जानेवारी २०२१ पासून महाराष्ट्र सरकारने जेल पर्यटन सुरू केलं. तिथे गांधी यार्ड दाखवतात, टिळक यार्ड दाखवतात आणि ते आंब्याचं झाडही दाखवतात जिथे २४ सप्टेंबर १९३२ चा पुणे करार झाला असं सांगितलं जातं. ते दाखवावं, जरूर दाखवावं. स्वतंत्र मतदारसंघ हातातून कसा गेला हे त्या झाडाखाली उभं राहून पोरांना सांगावं. पण मोठ्या माणसांच्या खोल्यांची साखळी म्हणजे तुरुंगाचा इतिहास नव्हे. त्या खोल्या रोज सकाळी कोणीतरी झाडलेल्या होत्या.

आणि हे मी फक्त सरकारला म्हणत नाही. आपणही तेच केलं. आपल्या चळवळीत तुरुंग म्हणजे पदक. किती दिवस आत होता, कोणत्या कलमाखाली, यावर व्यासपीठावरची खुर्ची ठरते. आत काय करायला लावलं हे कोणी कोणाला विचारत नाही. मी या लेखाआधी आमच्या केसमधल्या बाकी तिघांना फोन केले. आठ वर्षांत आम्ही चौघे शंभरदा भेटलो असू, पण या विषयावर पहिल्यांदा बोललो. एक जण बराच वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "माझ्या बायकोला माहीत नाही. नाव लिहू नको." म्हणून कोणाचंच लिहिलेलं नाही.

निकालाला आता वर्ष उलटून गेलं. राज्यांना नियम बदलायला तीन महिन्यांची मुदत होती. डिसेंबर २०२४ अखेर केंद्राने आपल्या आदर्श कारागृह नियमावलीत आणि आदर्श कायद्यात दुरुस्ती करून राज्यांना कळवलं. कागद हलला हे मान्य. पण माझ्या बराकीत कागदावर काहीच लिहिलेलं नव्हतं, तरी खराटा अचूक पोचला होता. तेव्हा आपल्या जिल्ह्यातल्या तुरुंगात काय चाललं आहे ते आपणच विचारायला हवं. माहिती अधिकाराचा अर्ज, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, एवढंच लागतं. मी आणि भाच्याने परत आल्यावर अर्ज तयार केला. नोंदीच्या रजिस्टरमधला जातीचा रकाना कोणत्या तारखेला काढला, आदेशाची प्रत द्या. संडास आणि गटार सफाईचं काम कोणत्या पद्धतीने वाटलं जातं, गेल्या तीन महिन्यांच्या कामवाटपाच्या नोंदी द्या. सफाई करणाऱ्या बंद्यांना किती मोबदला दिला. अभ्यागत मंडळाने या विषयावर शेवटची तपासणी कधी केली. ज्यांना आपापल्या जिल्ह्यात करायचा आहे त्यांनी हे प्रश्न जसेच्या तसे घ्यावेत, मला विचारायची गरज नाही.

अर्जावर सही करायला घेतली तेव्हा भाचा म्हणाला, "पाचवा प्रश्न राहिला." त्याने स्वतःच लिहिला: जानेवारी २०१८ मध्ये न्यायबंद्यांकडून करवून घेतलेल्या सफाईकामाची नोंद द्यावी.

मी म्हणालो, "अरे, अशी नोंद नसते. न्यायबंद्याला काम नसतंच ना."

"मग नोंद नाही असं त्यांना लेखी लिहून देऊ दे," तो म्हणाला, आणि कागद माझ्यापुढे सरकवला.